किती एक्स?

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. तिथल्या एखाद्या काउंटरपाशी थोडा वेळ थांबलात, तर झूम कॅमेरा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक किमतीच्या पाठोपाठ हमखास विचारताना ऐकू येईल, ‘‘ह्याला किती एक्स?’’ काउंटरमागच्या माणसाची उत्तरं तयार असतात: चाळीस, पासष्ट, सव्वाशे. मग गिऱ्हाइकाची नजर शेजारच्या कपाटाकडे जाते. तिथे मिररलेस कॅमेऱ्यासाठीची फूटभर लांब, दोन किलोंहून जड अशी पांढरी लेन्स उभी असते. तिची किंमत ऐकून झाल्यावर पुन्हा तोच प्रश्न. उत्तर येतं, ‘‘तीन एक्स.’’

एवढे पैसे मोजून फक्त तीन?

एक्स हा आकडा खोटा नसतो. लेन्सची सगळ्यांत मोठी फोकल लेंथ भागिले सगळ्यांत लहान फोकल लेंथ, एवढाच त्याचा अर्थ. निकॉनचा कूलपिक्स पी१००० हा कॅमेरा २४ मिलिमीटरपासून सुरू होऊन ३००० मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणून तो १२५ एक्स. सोनीची ती पांढरी लेन्स २०० पासून ६०० पर्यंत जाते, म्हणून ती तीन एक्स. फक्त ६०० मिलिमीटरचीच, झूम न होणारी लेन्स असते, तिला तर एक्सच्या भाषेत एकच एक्स म्हणावं लागेल, आणि स्टेडियममध्ये क्रिकेट टिपणारे व्यावसायिक फोटोग्राफर नेमक्या अशाच लेन्स लावून बसलेले असतात. एक्स लेन्सचा पसारा सांगतो. लांबचं किती चांगलं टिपता येईल, म्हणजे लेन्सचा पल्ला, त्याच्याशी या आकड्याचा थेट संबंध नाही.

पल्ल्याची खरी हकिगत खोक्यावर छापलेली नसते, ती लेन्सच्या तोंडाशी असलेल्या कड्यावर कोरलेली असते. पी१०००च्या कड्यावर ३००० हा आकडा शोधूनही सापडत नाही. तिथे लिहिलेलं असतं ४.३–५३९ मिमी आणि १:२.८–८. लेन्सची खरी फोकल लेंथ ही. खोक्यावरचे ३००० हे ‘समतुल्य’ असतात. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर एवढंच दृश्य चौकटीत मावावं यासाठी केवढी लेन्स लागली असती, त्याचा तो हिशेब. ५३९ चे ३००० होतात कसे? लेन्सने मागे पाडलेल्या प्रतिमेचा मधला इवलासा तुकडाच हा कॅमेरा उचलतो म्हणून. त्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश झेलणारी आयताकृती पट्टी, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरची असते. तुरीच्या डाळीच्या दाण्याहून ती फारशी मोठी नाही. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर. दोघींच्या क्षेत्रफळात तिसाहून अधिक पटींचा फरक पडतो.

सेन्सरच्या मापांची नावं हा मात्र एक स्वतंत्र गमतीचा प्रकार आहे. वर सांगितलेल्या सेन्सरला ‘१/२.३ इंची’ म्हणतात. त्याहून मोठ्या, चांगल्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत असणाऱ्या सेन्सरला ‘एक इंची’ म्हणतात, तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो आणि उभा, आडवा, तिरपा कसाही मोजलात तरी त्यात एक इंच भरत नाही. हे माप आलं विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या टीव्ही कॅमेऱ्यांतून. त्यांत विडिकॉन नावाची काचेची नळी असे आणि इंच मोजत ते त्या नळीच्या बाहेरच्या व्यासाचे. प्रत्यक्ष चित्र उमटायचं ते आतल्या सुमारे १६ मिलिमीटर कर्णाच्या भागावर. नळ्या गेल्या, इंच मात्र राहिले, आणि विकणाऱ्यांना मोठं वाटणारं माप बदलायची घाई कशाला असेल!

मिररलेस कॅमेऱ्यांचे सेन्सर या मानाने ऐसपैस. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी ठरवलेला मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३ मिलिमीटरचा, त्याहून मोठा एपीएस-सी, आणि जुन्या फिल्मएवढा तो फुल फ्रेम. नावातला ‘मिरर’ म्हणजे एसएलआर कॅमेऱ्यातला आरसा. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर डोळ्याकडे वळवायचा आणि बटण दाबताच उचलला जायचा. १९५४ साली जपानच्या असाही कंपनीने असाहिफ्लेक्स २बी मध्ये तो आपोआप खाली येईल अशी सोय केली. त्याआधी बऱ्याच एसएलआरमध्ये फोटो निघाला की डोळ्यासमोर काळोख व्हायचा, आणि पुढची फिल्म सरकवेपर्यंत तो तसाच राहायचा. सेन्सरच सतत चित्र देऊ लागल्यावर या आरशाचं काम उरलं नाही. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा ल्युमिक्स जी१ आरशावाचून बाजारात आला, २०१३ मध्ये सोनीने फुल फ्रेमचा ए७ काढला, आणि २०१८ मध्ये कॅनन व निकॉन यांनीही फुल फ्रेममध्ये तीच वाट धरली. आरसा गेल्यामुळे लेन्स सेन्सरच्या जवळ सरकली. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये, म्हणजे लेन्स बसवायच्या कड्यात, हे अंतर ४६.५ मिलिमीटर होतं, नव्या झेड माउंटमध्ये ते १६ आहे. २०२० पासून मिररलेसची विक्री एसएलआरच्या पुढे गेली ती पुढेच आहे.

कॉम्पॅक्टची गोष्ट उलटी. २०१० साली जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले, त्यांतले बहुतेक खिशात मावणारे कॉम्पॅक्ट होते. पुढे मोबाइलने त्यांचा जवळपास फडशा पाडला. तग धरला तो प्रामुख्याने मोबाइलला न जमणाऱ्या दोन गोष्टी करणाऱ्यांनी: मोठ्या सेन्सरवाल्यांनी आणि लांब झूमवाल्यांनी. लांब झूमवाल्यांत, म्हणजे सुपरझूममध्येही, दोन घराणी आहेत. कॅननचा एसएक्स७४० किंवा सोनीचा एचएक्स९९ यांच्यासारखे खरोखर खिशात जाणारे, आणि पी१००० सारखे, नावाला कॉम्पॅक्ट पण गळ्यात अडकवला की मान खाली ओढणारे.

आता मुद्द्याचा भागाकार. कड्यावर कोरलेला दुसरा आकडा, १:८ किंवा १:६.९ असा, त्याला आपण एफ नंबर म्हणतो. फोकल लेंथला त्याने भागलं की ज्या भोकातून प्रकाश आत येतो त्याचा व्यास मिळतो. सेन्सर कोणताही असो, कंपनी कोणतीही असो, लांबवरच्या एका पक्ष्याकडून किती प्रकाश गोळा होणार हे या व्यासावर ठरतं. कॅननचा खिशातला एसएक्स७४० झूम पुरा ताणल्यावर १७२ मिलिमीटर आणि एफ/६.९ असतो, म्हणजे व्यास २५ मिलिमीटर. कॅननचाच मिररलेस आर१० आणि त्यावर १००–४०० ची हलकी लेन्स: ४०० भागिले ८, म्हणजे ५०. सोनीचा एक इंची सेन्सरवाला आरएक्स१० मार्क ४: २२० भागिले ४, म्हणजे ५५. निकॉन पी१०००: ५३९ भागिले ८, म्हणजे ६७. आणि सोनीची ती तीन एक्सवाली पांढरी लेन्स: ६०० भागिले ६.३, म्हणजे ९५.

आता याच क्रमाने वजनं पाहा. एसएक्स७४० २९९ ग्रॅमचा. आर१० आणि लेन्स मिळून १०६४ ग्रॅम. आरएक्स१० मार्क ४ १०९५ ग्रॅम. पी१००० १४१५ ग्रॅम. पांढरी लेन्स एकटीच २११५ ग्रॅम, कॅमेरा वेगळा. व्यासाची चढती भाजणी आणि वजनाची चढती भाजणी एकच. यात कुणा कंपनीची हुशारी किंवा लबाडी नाही. पल्ला हा शेवटी काचेचा असतो आणि काच जड असते. ‘मिररलेस जड, सुपरझूम हलका’ असं जे सरसकट ऐकू येतं, ते या तक्त्यापुढे टिकत नाही. सव्वाशे एक्सचा पी१००० हा आर१० आणि त्याच्या लेन्सपेक्षा साडेतीनशे ग्रॅमने जड आहे, आणि लांबच्या पक्ष्याकडून त्याहून जास्त प्रकाशही गोळा करतो. फुल फ्रेमवाली मंडळी लहान सेन्सरला जी सरसकट नावं ठेवतात, त्यांनाही हे गिळायला जड जाईल.

व्यासाचा संबंध नुसत्या उजेडाशी नाही, बारकाव्याशीही आहे. भोकातून जाताना प्रकाश थोडा पसरतो आणि एखाद्या ताऱ्याचाही ठिपका न उमटता बारीक चकती उमटते. इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये तिचं गणित मांडलं, म्हणून तिला एअरीची चकती म्हणतात. एफ नंबर वाढला की चकती फुगते. एफ/८ ला हिरव्या उजेडात तिचा व्यास जवळपास ११ मायक्रॉन होतो. पी१०००च्या सेन्सरवरचा एक पिक्सेल असतो १.३ मायक्रॉनचा. म्हणजे एकेक चकती आठ-आठ पिक्सेलांवर पसरून बसते, आणि खोक्यावर मिरवलेले १६ मेगापिक्सेल झूमच्या टोकाला प्रत्यक्षात कितीतरी कमी माहिती देतात.

एक उदाहरण घेऊ. तारेवर खंड्या बसलाय, अंतर ५० मीटर, हिशेब सोपा व्हावा म्हणून त्याची लांबी ३० सेंटिमीटर धरू. एसएक्स७४०च्या सेन्सरवर त्याची प्रतिमा एक मिलिमीटरच्या आसपास पडेल आणि चोचीपासून शेपटीपर्यंत एअरीच्या साधारण ११० चकत्या शेजारी शेजारी मावतील. बारकावे मोजायची ही एक मोजपट्टी समजा. आर१० आणि १००–४०० ला त्याच खंड्यावर सव्वादोनशे चकत्या मावतात, पी१००० ला तीनशे, पांढऱ्या लेन्सला सव्वाचारशे. उजेडाचं प्रमाण व्यासाच्या वर्गात जातं: एसएक्स७४० ला एक धरला तर आर१० ला चार, पी१००० ला सात आणि पांढऱ्या लेन्सला चौदा. हे सगळे आकडे कमाल मर्यादा सांगतात. पी१०००ची लेन्स १७ काचांची आहे, २४ पासून ३००० पर्यंत सगळीकडे बरं दिसावं म्हणून तिला ठिकठिकाणी तडजोड करावी लागते आणि ती आपल्या कमाल मर्यादेच्या बरीच अलीकडे थांबते. दोन-तीन एक्सच्या लेन्सला एवढी कसरत नसते. ती मर्यादेच्या जवळ पोचते. तीन एक्सचे पैसे असतात ते यासाठी.

तरीही स्थिर विषय, भरपूर ऊन आणि तिपाई एवढं जमवलं, तर पी१००० चमत्कार करतो हे मान्य करावं लागेल. ३००० मिलिमीटरला त्याच्या चौकटीची उंची अर्ध्या अंशाची असते, आणि आकाशातला चंद्रही अर्ध्या अंशाचाच. म्हणजे पुनवेचा चंद्र चौकट वरखाली भरून टाकतो. शनीचं कडंही त्यातून वेगळं दिसतं. त्याचा थोरला भाऊ पी९०० २०१५ मध्ये आला तेव्हापासून या घराण्याला आणखी एक भक्तमंडळ लाभलंय, पृथ्वी सपाट आहे असं मानणाऱ्यांचं. क्षितिजाआड ‘बुडालेलं’ जहाज झूम करून परत आणून दाखवणं हा त्यांचा आवडता प्रयोग. खरोखर क्षितिजाआड गेलेल्या जहाजाचा खालचा भाग त्याच कॅमेऱ्यात गायब झालेला दिसतो, तेव्हा ते विषय बदलतात.

सुपरझूमचं खरं दुबळेपण दुसऱ्या टोकाला आहे, जवळच्या. याकडे कुणी बघतच नाही, कारण दुकानात सगळे झूम ताणून रस्त्यापलीकडची पाटी वाचण्यात गुंतलेले असतात. पी१००० ला २४ वर आणा. खरी फोकल लेंथ ४.३, एफ/२.८, भागाकार दीड मिलिमीटर. सध्याच्या बऱ्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं भोक चारेक मिलिमीटरचं असतं. घरच्या गणपतीची संध्याकाळची आरती, ट्यूबलाइटच्या उजेडातला साखरपुडा, कार्यालयाच्या हॉलमधली पंगत इथे दीड किलोचा कॅमेरा खिशातल्या मोबाइलपुढे हार खातो. शटर मंद होतं, हलणारे हात पुसट होतात, आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवला की रवाळ दाणे पुसण्याच्या नादात कॅमेरा चेहऱ्यावर मेण चढवतो.

पण मिररलेसवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. आर१० बरोबर जी किट लेन्स मिळते, तिचा भागाकार १८ मिलिमीटर भागिले ४.५. उत्तर चार! म्हणजे मोबाइलएवढंच. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेतला, हौसेने घरच्या कार्यात नेला आणि फोटो ‘फोनसारखेच’ आले, अशी तक्रार करणारे खूप भेटतात. त्यांच्या तक्रारीचं मूळ या चारात आहे. त्याच कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर एफ/१.८ ची लेन्स चढवली की व्यास एकदम २८ होतो. ती लेन्स १६० ग्रॅमची असते आणि लेन्सच्या बाजारात सगळ्यांत स्वस्तांपैकी एक. तेवढंच दृश्य दिसेल असा झूम पी१००० वर लावला तर त्याचं भोक पाच मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. क्षेत्रफळात किमान तिसपट फरक. मागची गर्दी विरघळून नवरीचा चेहरा तेवढा उठून दिसतो, तीही याच व्यासाची करामत. मिररलेस कॅमेऱ्याची किंमत लेन्स बदलण्याच्या सोयीसाठी मोजायची असते. ज्याला दुसरी लेन्स कधीच घ्यायची नाही, त्याने हे पैसे उगाच घालवले असं मला वाटतं.

उजेड आणि अंतर यांचा हिशेब झाला, आता हालचालीचा. त्यासाठी भिगवणला जाऊ. पुणे–सोलापूर रस्त्यावर, भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी कुंभारगाव आणि डिकसळच्या बाजूने मच्छीमारांच्या नावा पक्षी दाखवायला नेतात. हिवाळ्यात पाणी ओसरू लागलं की उथळ चिखलात रोहित पक्षी उतरतात. नावाडी जरा अंतरावर इंजिन बंद करतो आणि बांबूने रेटत नाव पुढे सरकवतो. रोहित माना खाली घालून चरत असतात, तासभर तिथेच. इथे सुपरझूमवाल्याची चैन असते. थवा, मग चार पक्षी, मग एका पक्ष्याची वाकडी गुलाबी चोच, सगळं जागच्या जागी. शेजारच्या मिररलेसवाल्याजवळ २००–६०० लावलेली असेल, तर मागचा अख्खा जलाशय आणि ओळीने बसलेले दोनशे पक्षी टिपायला त्याला लेन्स बदलावी लागते, आणि डुगडुगत्या नावेत कॅमेऱ्याचं पोट उघडं टाकून लेन्स बदलणं हे काळजाचं काम आहे.

मग कुणीतरी ओरडतं, ‘‘ऑस्प्रे!’’ मासे धरणारा हा शिकारी पक्षी पाण्यावर घिरट्या घालतो, हवेत क्षणभर थबकतो आणि पाय पुढे करून पाण्यावर कोसळतो. सुपरझूमवाल्याची इथे त्रेधा उडते. चौकट एखाद-दीड अंशाची. त्यात आकाशातला पक्षी आधी सापडायला हवा. निकॉनने यासाठी पी१००० ला एक वेगळं बटण दिलंय: दाबून धरलं की झूम मागे सरकतो, हरवलेला पक्षी शोधायचा, सोडलं की झूम पुन्हा पुढे. सोय चांगली आहे, पण मोटर झूम पुढे नेईपर्यंत मासा पंजात आणि ऑस्प्रे पार पलीकडच्या काठाला. शिवाय फोकस. बहुतेक सुपरझूम आजही कॉन्ट्रास्ट पद्धतीने फोकस करतात. लेन्स थोडी पुढे नेऊन बघायची, चित्र धूसर झालं की मागे आणायची, असं चाचपडत. फेज पद्धतीत सेन्सरवरच्या खास पिक्सेलांना किती सरकायचं आणि कुठल्या दिशेला, हे एकदम कळतं. गंमत अशी की सेन्सरवरच फेज फोकस असलेला पहिला कॅमेरा म्हणून फुजीफिल्मने २०१० मध्ये ज्याचा गाजावाजा केला, तो एफ३००ईएक्सआर हा १५ एक्सचा खिशातला झूम कॅमेराच होता. शोध झूम कॅमेऱ्यांच्या घरात लागला आणि भरभराट झाली ती मिररलेसची. २०२० च्या कॅनन आर५ पासून कॅमेरे पक्षी ओळखून थेट त्याच्या डोळ्यावर फोकस धरू लागले, आणि दोनच वर्षांत ही करामत आर१० सारख्या छोट्या कॅमेऱ्यातही उतरली. सुपरझूममध्ये फेज फोकस असलेला मातब्बर म्हणजे सोनीचा आरएक्स१० मार्क ४. सेकंदाला २४ फोटो काढणारा हा कॅमेरा २०१७ चा आहे, आणि एकाच लेन्सवर ऑस्प्रेही रोहितही हवेत अशा माणसाला त्याहून चांगलं काही सुचवायचं म्हटलं तर मला अजूनही अडखळायला होतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सारखीच छळते. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते, आणि दीडशे मीटरवरचा पक्षी पाच हजारांच्या कॅमेऱ्यात आणि पाच लाखांच्या लेन्समध्ये सारखाच पातळ, लपलपता दिसतो. जितका झूम जास्त, तितकी थरथर मोठी. यावर उपाय पहाटे निघण्याचा, नाहीतर नावाड्याला गोड बोलून आणखी जवळ नेण्याचा. पण पक्षी उठतील एवढं जवळ न्यायला चांगला नावाडी नकार देतो, आणि तेच बरं.

ताडोबाची बाजू निराळी. तिथे पर्यटकांना मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे ज्यांना कॅमेऱ्याचा नाद नाही त्यांनाही काहीतरी सोबत हवं असतं, आणि खिशातला झूम कॅमेरा त्यांच्यासाठी अगदी नेमका. जिप्सी रस्त्यावर उभी असताना वाघीण आडवी गेली तर अंतर फार नसतं. पल्ला कमी पडत नाही. कमी पडतो तो उजेड. वाघ दिसतो तो बहुधा सकाळी गेट उघडल्यावर किंवा संध्याकाळी गाड्या परतायच्या बेतात असताना, बांबूच्या सावलीत. एसएक्स७४० सारख्या कॅमेऱ्यावर आयएसओ ८०० च्या पुढे पट्टे आणि केस यांचा लगदा होऊ लागतो. त्यात तो कॅमेरा रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेलं कच्चं चित्र, देत नाही. जेपीजी जो निघेल तो प्रसाद समजायचा. एपीएस-सी मिररलेस तिथे आयएसओ ६४०० वर काम भागवून नेतो, आणि घरी येऊन रॉमधून सावलीतला वाघ थोडा वर काढता येतो. मात्र उन्हाळ्यात ताडोबाच्या रस्त्यांवर पुढच्या जिप्सीचा लाल फुफाटा मागच्या जिप्सीवर येतो. अशा वेळी लेन्स बदलायची तर सेन्सरवर धूळ बसणारच, आणि ती पुढच्या प्रत्येक फोटोच्या आकाशात काळा ठिपका होऊन येणार. जाणकार मंडळी म्हणूनच दोन कॅमेरे नेतात, एकावर लांबची लेन्स, दुसऱ्यावर जवळची. ज्याला दोन परवडत नाहीत त्याच्यासाठी टॅमरॉनची १८–३०० सारखी एकच लेन्स आहे. सतराच्या जवळपास एक्स, टोकाला व्यास ४७-४८ मिलिमीटर, वजन ६२० ग्रॅम. मिररलेस घेऊन सुपरझूमसारखा वापरायचा हा मार्ग. शुद्धतावादी नाक मुरडतात, पण सफारीच्या धुळीत तो शहाणपणाचा आहे.

पक्षी पाहणाऱ्यांच्या बोलण्यात ‘रेकॉर्ड शॉट’ नावाची एक चीज असते. फोटो सुंदर नसेना का, पक्षी कोणता ते सांगता आलं पाहिजे. शिक्रा की दुसरा एखादा शिकारी पक्षी, पायांचा रंग पिवळा की हिरवट, शेपटीवर पट्टा आहे की नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना असा एक फोटो जोडला की शंकेला जागा राहत नाही. हे काम तीनशे ग्रॅमचा खिशातला सुपरझूम इतक्या इमानाने करतो की गळ्यात दुर्बीण असलेल्या निरीक्षकाला मी दुसरं काही घ्यायला सांगणार नाही. ज्याला तोच फोटो दोन फुटांचा छापून भिंतीवर लावायचा आहे, पिसाचा तंतू न् तंतू सुटा दिसायला हवा आहे, त्याने व्यासावर पैसे खर्चावेत आणि पाठीवर ओझं घ्यायची तयारी ठेवावी. दोघांच्या मधला, घरची कार्यं, सहली, थोडे पक्षी, थोडी फुलं असा सगळाच संसार मांडणारा माणूस सर्वांत जास्त गोंधळतो. त्याने हातात चांगला मोबाइल असेल तर जवळचं काम त्याच्यावर सोपवावं आणि लांबच्यासाठी सुपरझूम घ्यावा. मोबाइल साधाच असेल, किंवा मुलांचे फोटो हाच खरा जीव असेल, तर लहान मिररलेस, आणि किट लेन्सबरोबर पहिल्याच दिवशी ती ५० ची.

घेतल्यानंतरचा एक खर्च दुकानात कुणी सांगत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसर असते, आणि कॅमेरा बॅगेत तसाच पडून राहिला तर काचांवर आतून बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, टॉर्च मारून पाहिलं तर दिसतात. मिररलेसच्या एका लेन्सला बुरशी लागली तर तेवढी लेन्स साफ करायला देता येते, बाकीचा संच शाबूत राहतो. सुपरझूमची लेन्स कॅमेऱ्याला कायमची जोडलेली. सतरा काचा उघडून पुसायच्या म्हटलं तर मजुरी ऐकून नवाच घ्यावासा वाटतो. शिवाय झूम आत-बाहेर होताना हवेबरोबर थोडी धूळही ओढली जाते, तीही आतच राहते. म्हणून जून लागायच्या आधी घट्ट झाकणाचा एक प्लॅस्टिकचा डबा आणावा, तळाला सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि कॅमेरा त्यात ठेवावा. रंग बदलणारी जेल मिळते, ओल शोषून घेतली की तिचा रंग पालटतो. तसं झालं की तव्यावर मंद आचेवर परतून सुकवायची आणि गार झाल्यावर पुन्हा डब्यात. चामड्याची बॅग मात्र या डब्यात ठेवू नये, बुरशी पहिल्यांदा तिलाच धरते.